शेवटच्या मुलापर्यंत नांगर

अर्लीन कोटासला फोर्क क्रीक गावात दोन ओळखी होत्या. विद्यापीठातल्या मुलांसाठी ती भोजनगृहातली ‘मिस अर्लीन’ होती. डोक्याला जाळी बांधून, हातात मोठा डाव घेऊन ती उभी असे, आणि भाजी नको म्हणणाऱ्याला भाजी वाढल्याशिवाय पुढे सोडत नसे. गावातल्या जुन्या माणसांसाठी ती ‘घोडेवाली कोटास’ होती. वर्षातून एकदा, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, या दोन्ही ओळखी एकत्र येत. त्या दिवशी ती डोक्यावरची जाळी काढून वडिलांची गवती हॅट घाले, आणि ज्यांना पुढं वर्षभर जेवू घालायचं त्या नव्या मुलांसमोरून नांगर हाकत नेई.

नांगर हे त्या गावाचं दैवतच म्हणा. नेब्रास्काच्या त्या सपाट मुलुखात हे सरकारी विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ती शेतकऱ्यांच्या मुलांना मास्तर करणारी एक शाळा होती. पुढं ती वाढली, तिचं विद्यापीठ झालं, पण फुटबॉल संघाचं नाव राहिलं ‘प्लाउमेन’, आपल्या भाषेत सरळ ‘नांगरे’. गावच्या पाण्याच्या टाकीवर नांगर रंगवलेला, न्हाव्याच्या काचेवर नांगर, चर्चच्या आवारातल्या दोन-तीन थडग्यांवरसुद्धा नांगर. पाहुण्या संघाची माणसं चिडवायला ‘ढेकळं! ढेकळं!’ म्हणून ओरडत. फोर्क क्रीकची माणसं त्यावर टोप्या उडवत.

रीत अशी होती. त्या वर्षी नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलानं आणि मुलीनं आपल्या घरची मूठभर माती आणायची. मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या सकाळी सगळ्यांनी स्टेडियमच्या पूर्वेच्या लांबलचक पट्टीवर एका ओळीत, हातभर अंतरानं उभं राहायचं. उत्तरेकडून दोन घोडे नांगर ओढत येणार. नांगर समोरून गेला, सरी उघडी पडली, की आपल्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मूठ त्या सरीत सोडायची. शेवटच्या मुलापाशी नांगर थांबायचा. मग संघ त्या सरीच्या कडेकडेनं चालत येऊन मैदानात उतरायचा. अर्लीनच्या आजोबांनी पहिली सरी ओढली होती, मग वडिलांनी, आणि वडिलांचे गुडघे गेल्यापासून अर्लीननं.

वडिलांनी तिच्या हाती नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, देताना एकच गोष्ट बजावली होती. “शेवटच्या पोराच्या पुढं फाळ न्यायचा नाही. पोर संपलं की नांगर उचलायचा.”

दर वर्षीची सरी आदल्या वर्षीच्या सरीशेजारी, पाऊलभर अंतर सोडून. जुन्या सऱ्यांवर गवत चढायचं, पण त्या बुजवत कुणी नसे. सूर्य नुकता वर आलेला असताना, ऊन जमिनीलगत तिरपं धावत असताना, स्टेडियमच्या वरच्या पायरीवर उभं राहून पाहिलं तर ती सगळी पट्टी उठून दिसायची. सावल्यांच्या लांबच लांब रेघा, एकीला लागून एक. अर्लीन लहानपणी वडिलांबरोबर ते पाहायला चढायची, आणि तिला दर वेळी वाटायचं की कुणीतरी प्रचंड मोठ्या बोटांनी जमिनीवर केस विंचरलेत. पट्टीच्या दक्षिण टोकाला एक जुनं हॅकबेरीचं झाड होतं. चांगल्या काळात सरी तिथपर्यंत जायची. एका वर्षी तर इतकी मुलं आली की झाडाला वळसा घालावा लागला, आणि तो वळसा अजून जमिनीत दिसायचा.

त्या वळशानंतरच्या सऱ्या मात्र आखडत आल्या होत्या. पहिल्यांदा झाडाच्या सावलीबाहेर, मग दिव्याच्या खांबाच्या अलीकडे, मग त्याहून अलीकडे. जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तशी सऱ्यांची टोकं मागं मागं सरत होती.

कारणं सगळ्यांना ठाऊक होती. आसपासची गावं रिकामी झाली होती. जिथं चार घरं एक शेत करायची तिथं एक माणूस चार शेतं करत होता, आणि त्याची मुलं लिंकनला किंवा ओमाहाला निघून जात होती. दोन वसतिगृहांना कुलपं लागली. जर्मन शिकवणारे म्हातारे प्राध्यापक निवृत्त झाले ते त्यांच्याबरोबर जर्मनही निवृत्त करूनच. भोजनगृहातली एक खिडकी बंद झाली, आणि अर्लीन उरलेल्या खिडकीत दोघींचं काम करू लागली. नवी मुलं यायची त्यांतली निम्मी खेळासाठी यायची, टेक्सास, जॉर्जिया, कॅलिफोर्निया अशी लांबून. फुटबॉल विद्यापीठाला खातोय असं एक बाजू म्हणायची. फुटबॉल नसेल तर ही पोरंही यायची नाहीत असं दुसरी म्हणायची. अर्लीनला दोन्ही खरं वाटायचं, आणि म्हणून ती वादात पडायची नाही.

त्या वर्षी राज्याचं विश्वस्त मंडळ स्वतः पहिल्या सामन्याला यायचं होतं. फुटबॉल ठेवायचा की बंद करायचा हे त्यांना हिवाळ्याच्या आत ठरवायचं होतं.

सामन्याच्या दोन दिवस आधी कुलगुरू डॉ. लिंडेल भोजनगृहाच्या मागच्या दारानं आत आले. उंच, वाकलेला माणूस. त्यांनी कॉफीचा पेला घेतला आणि तो न पिता नुसता फिरवत राहिले.

“अर्लीन, शनिवारचं सगळं तयार आहे ना?”

“घोडे तयार आहेत. मुलांचं तुम्ही सांगा.”

“मुलं…” ते थांबले. “मुलं कमी आहेत. मागच्या वर्षीपेक्षाही कमी.”

“दिसतंय की मला. ताटं मीच धुते.”

कुलगुरूंनी पेला खाली ठेवला. “मंडळाची माणसं वरच्या सज्जात बसणार आहेत. समोर पट्टी. सरी अर्ध्यावर थांबली की त्यांना वेगळा आकडा दाखवायची गरजच उरणार नाही. बरोबर ना? माझी एक विनंती आहे. या वर्षी झाडापर्यंत जा.”

“मुलं नसताना?”

“कोण पाहतंय? इतक्या वरून कुठं मुलं संपली आणि कुठं नांगर थांबला, कुणाला कळणार? रेघ पुरी दिसली म्हणजे झालं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी हे माझ्यासाठी नाही मागत, अर्लीन. मला दुसरीकडे नोकरी मिळेल. पण हे गाव…”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे तांबडे होते, आणि शर्टाची कॉलर दोन दिवसांची असावी. अर्लीननं भांडी पुसायचा फडका घडी घालून पुन्हा उलगडला.

“बघते,” ती म्हणाली.

“बघते म्हणजे हो?”

“हो,” ती म्हणाली. आणि पुसून झालेलीच भांडी पुन्हा पुसायला लागली.

त्या दुपारी जेवायला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा दाट तिखट रस्सा, होती, आणि चिलीबरोबर नेहमीप्रमाणे दालचिनीचा गोड रोल. नेब्रास्कात हे दोन्ही एका ताटात असणं म्हणजे आमटीबरोबर भात असण्याइतकं साधं. बाहेरून आलेल्या मुलांना मात्र पहिल्यांदा धक्का बसे. रोलांडो तिहेरिना नावाचा एक मुलगा ताट घेऊन उभा राहिला, तो हललाच नाही. पश्चिम टेक्सासमधल्या कापसाच्या मुलखातून आलेला, दारात आडवा उभा राहिला तर दार झाकेल असा. संघात सगळे त्याला रोली म्हणत.

“मिस अर्लीन, कुणाचं तरी गोड माझ्या चिलीत पडलंय.”

“पडलं नाही, ठेवलंय. बुडवून खा.”

“चिलीत? माझी आजी बघेल तर रडेल.”

“आजी इथं नाही. खा आणि मग रड.”

मागच्या रांगेतली मुलं हसली. रोलीनं रोलचा तुकडा बुडवला, खाल्ला, आणि विचार करत उभा राहिला. मग निमूटपणे म्हणाला, “अजून एक द्या.” अर्लीननं दिला.

“आणि मिस अर्लीन, एक विचारायचं होतं. मातीचं. आजीनं डबा पाठवलाय.”

“कसला डबा?”

“कॉफीचा. मोठा. काठोकाठ भरून. मी तिला मूठ म्हणालो होतो, पण ती म्हणाली की मूठभर माती घेऊन पोरगा कुठं उभा राहणार, लोक काय म्हणतील. बसनं पाठवला. चालेल ना?”

“मूठ म्हणजे मूठ रे, बाळा. तू काय तिथं शेत करणार आहेस?”

“आजीला नाही म्हणून बघा तुम्ही,” रोली म्हणाला.

अर्लीन त्या दिवसात पहिल्यांदा हसली. “आण. उरलेली झाडाखाली टाकू.”

शुक्रवारी संध्याकाळी ती तबेल्यात घोड्यांना खरारा करत होती तेव्हा बर्नी स्लाडेक आला. मैदानाची निगा राखणारा, तिच्याच वर्गात शिकलेला, आणि तेव्हापासून तिची खोडी काढल्याशिवाय ज्याचा दिवस जात नव्हता असा.

“काय गं, उद्या म्हणे तू झाडापर्यंत जाणार. कुलगुरूंपुढं वाकलीस?”

“तुला कुणी सांगितलं?”

“मला पट्टी झाडापर्यंत कापून ठेव म्हणाले. मी काय गवत उगाच कापतो होय?” तो कठड्यावर रेलला. “तुझे वडील असते तर—”

“माझे वडील नाहीत.” तिनं खरारा जोरात ओढला, घोड्यानं कातडी थरथरवली. “माझे वडील असते तर त्यांना झाडाला वळसा घालणारी पोरं होती. मला काय आहे? तू सांग. उद्या सरी अर्ध्यावर थांबली, आणि वरच्यांनी बंद करून टाकलं, तर ते माझ्या नांगरानं झालं असं सगळं गाव म्हणेल. म्हणेल की नाही?”

“म्हणेल,” बर्नी म्हणाला. “मीसुद्धा म्हणेन, कदाचित.”

“मग?”

“मग काही नाही. मी गवत कापलंय.” तो जाता जाता वळला. “पण या दोघांना विचारलंस का?” त्यानं घोड्यांकडे हनुवटी केली.

घोडे दोन होते, ज्युनिपर आणि बो. पाठ माणसाच्या डोक्याइतकी उंच, खूर जेवणाच्या ताटाएवढे, आणि स्वभाव देवळातल्या घंटेसारखा शांत. वर्षभर त्यांना फारसं काम नसे, पण ऑगस्ट संपत आला की ते दोघं आपणहून कुंपणापाशी येऊन उत्तरेकडे तोंड करून उभे राहत. त्यांना कसं कळत असे ते अर्लीनला कधी समजलं नाही, आणि तिनं समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. काही गोष्टी समजल्या की लहान होतात असं तिला वाटायचं.

शनिवारची सकाळ स्वच्छ उजाडली. मैदानाच्या बाहेर गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडून लोक सॉसेज भाजत होते, बँड सूर लावत होता, आणि सगळ्या गावाला कांद्याचा आणि धुराचा वास येत होता. वरच्या सज्जात मंडळाची माणसं गडद कपड्यांत ओळीनं बसली होती. कुलगुरू त्यांच्या टोकाला, पाठ ताठ करून.

अर्लीननं घोडे जुंपले आणि पट्टीच्या उत्तर टोकाला आली. लगाम गाठ मारून खांद्यावरून घेतले, दोन्ही रुमणी हातात धरली, आणि समोर पाहिलं.

ओळ खरोखरच आखूड होती. मुलं अंतर वाढवून वाढवून उभी केली होती, तरी ती दिव्याच्या खांबाच्या कितीतरी अलीकडे संपत होती. त्यापलीकडे बर्नीनं कापलेलं गवत, मोकळं, आणि पार टोकाला झाड. ओळीत शेवटी रोली उभा होता, तो कॉफीचा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून.

“चल,” अर्लीन घोड्यांना म्हणाली.

फाळ जमिनीत शिरला. तो आवाज तिला कधी जुना झाला नव्हता. मुळं तुटत जातात तेव्हा जाड कापड फाटावं तसा तो आवाज येतो, आणि मग काळी माती कडेला पालथी पडते, ओली, चकचकीत, वर्षानुवर्षं जिला ऊन दिसलं नाही अशी. तिला दर वर्षी तेच वाटायचं: एवढी मोठी जमीन आपल्या दोन हातांखाली उघडते आहे, आणि आपण तिला काही केलेलं नाही, नुसतं धरलंय.

“ओगलाला!” पहिली मुलगी ओरडली आणि तिच्या मुठीतून करड्या वाळूची धार सरीत पडली.

“मेकन, जॉर्जिया!” विटेसारखी लाल माती.

“स्टॉकटन!”

“ब्रोकन बो!”

“साउथ ओमाहा!” ही बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारी मुलगी होती. तिची माती बहुधा कुठल्या तरी कुंडीतली होती, कारण तिच्यात पांढरे दाणे होते.

लाल, पिवळी, राखाडी, काळी. अर्लीनच्या पायांशी एकेक रंग पडत होता. यांतल्या बहुतेक मुलांना तिनं आठवडाभर जेवू घातलं होतं. कोण दूध पीत नाही, कोण एकटं बसतं, हे तिला ठाऊक होतं. पण कोण कशावर उभं राहून मोठं झालं ते तिला या क्षणी दिसत होतं. आणि मग, फार लवकर, गावांची नावं संपत आली.

“लमेसा, टेक्सास!” रोली ओरडला, आणि डब्यातून मोठी मूठ भरून त्यानं सरीत टाकली. अख्ख्या ओळीत सर्वांत मोठी मूठ.

अर्लीननं दात आवळले आणि लगाम झटकला. “चला. पुढं.”

घोडे थांबले होते.

तिनं पुन्हा लगाम झटकला. ज्युनिपरनं एक कान मागं फिरवला, एवढंच. बोनं मान खाली घातली. सगळं आयुष्य ते शेवटच्या मुलापाशी थांबत आले होते, आणि त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं.

“ज्युनिपर! चल ना रे!” तिचा आवाज फाटला. समोर रिकामी पट्टी, वर सज्जात माणसं पुढं वाकून पाहू लागलेली. बँड मध्येच बंद पडला. इतकी शांतता झाली की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू येऊ लागली. अर्लीनच्या मनात आलं की आता नांगर सोडावा आणि चालत घरी जावं. तिला कुलगुरूंची आठवण झाली नाही, मंडळाची झाली नाही. वडिलांचीच झाली, आणि तिला वाटलं की घोड्यांनी वडिलांचं ऐकलं, आपण नाही ऐकलं.

रोलीनं घोड्यांकडे पाहिलं. मग अर्लीनकडे. “मिस अर्लीन, हे का थांबले?”

“मुलं संपली, बाळा. मूल असल्याशिवाय ते जात नाहीत.”

“मूल म्हणजे, उभं राहिलेलं?”

“हो.”

रोलीनं डब्यात पाहिलं. तो अजून जवळजवळ भरलेला होता. त्यानं खांदे उडवले, चार-सहा ढांगांत पुढं गेला, वळला, आणि पुन्हा ओळीत असल्यासारखा ताठ उभा राहिला. “हे घ्या. उभा आहे.”

बोनं मान वर केली. ज्युनिपरनं फुरफुर केलं. आणि ते दोन डोंगर आपणहून हलले.

“लमेसा, टेक्सास!” रोली पुन्हा ओरडला. मूठ सोडली, आणि पळाला. या वेळी लांब.

मागं काय झालं ते अर्लीनला लगेच दिसलं नाही, कारण नांगर धरलेल्या माणसानं मागं पाहायचं नसतं. तिला आधी आवाज ऐकू आला. कुणीतरी ओरडलं, “ए, तुझी उचल! तुझी उचल!” आणि मग पायांचा धडधडाट. ओगलालाची ती पहिली मुलगी तिच्या उजव्या अंगानं वाऱ्यासारखी पुढं गेली. तिच्या मुठीतून वाळू गळत होती. तिनं आपण टाकलेली माती सरीतूनच निम्मी परत उचलली होती, थोडी इथली काळी माती तिच्यात मिसळली होती, तशीच. तिच्यामागं मेकनचा मुलगा, लाल मूठ डोक्यावर धरून. मग ट्रंपेटवाली, गळ्यात ट्रंपेट आपटत. रोलीच्या पुढं ती जाऊन उभी राहिली, तिच्यापुढं दुसरं कुणी, त्याच्यापुढं तिसरं. नांगर ज्याच्यासमोरून गेला तो मूठ सोडायचा आणि पळायचा. त्याच्या जागी पुढं कुणीतरी आधीच उभं असायचं.

“ओगलाला!”

“मेकन! पुन्हा मेकन!”

“साउथ ओमाहा, आणि माझा बूट मागं राहिलाय!”

सगळे हसत होते, धापा टाकत होते. अर्लीनच्या दोन्ही अंगांनी मुलं धावत होती आणि मधून ते दोन घोडे, इतक्या गोंधळात एक पाऊल चुकवल्याशिवाय, माणूस दिसला की पुढं, माणूस दिसला की पुढं, असे चालले होते. मागच्या वर्षीची सरी जिथं संपली होती ती जागा मागं गेली. त्याच्या आधीच्या वर्षीची, त्याच्याही आधीची. मग दिव्याचा खांबही मागं गेला. अर्लीन रडत होती असं पुढं बर्नी सांगायचा. ती म्हणायची की घाम होता. पण तिला आठवतं ते इतकंच, की तिचे हात हलके झाले होते. जणू नांगर ती धरत नव्हती, ती मुलं तो पुढून ओढत होती. थोडी माणसं पुष्कळ माणसांसारखी कशी होतात ते तिनं आयुष्यात त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सगळी मुलं हॅकबेरीला चिकटून, एकमेकांवर पडून उभी होती आणि पुढं जागा नव्हती. रोलीनं डबा उलटा करून तळ वाजवला. शेवटची माती बुंध्याशी पडली. घोडे थांबले. अर्लीननं नांगर उचलला.

सज्जातली माणसं उभी राहिली होती. कुलगुरू मात्र बसले होते, दोन्ही हात चेहऱ्यावर घेऊन.

त्या दिवशी नांगरे सामना हरले, आणि सपाटून हरले. निम्म्या संघाचे पाय सकाळीच दमले होते. प्रशिक्षक संतापले होते खरे, पण कुणावर संतापावं हे त्यांना सुचलं नाही.

नोव्हेंबरात मंडळाचा निर्णय आला. फुटबॉल आणखी दोन वर्षं ठेवायचा. तोवर मुलं वाढली नाहीत तर बंद. शिष्यवृत्त्या कमी केल्या, तिसऱ्या वसतिगृहालाही कुलूप लावलं. मंडळातल्या एका बाईंनी म्हणे बैठकीत विचारलं होतं की त्या सकाळी एकूण मुलं किती होती. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, “मला जास्त वाटली.”

कुलगुरू भोजनगृहात आले ते यावेळी पुढच्या दारानं. ताट घेऊन रांगेत उभे राहिले.

“अर्लीन, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.”

“मीही हो म्हटलं होतं, डॉक्टर.” तिनं त्यांच्या ताटात न विचारता भाजी वाढली. “नाही म्हणाले ते घोडे.”

हिवाळा लांबला. मार्चपर्यंत पट्टीवर बर्फ होतं. मे संपत आला तेव्हा एका सकाळी बर्नी पाठीवर तणनाशकाचा पंप अडकवून पट्टीकडे निघाला होता, आणि अर्लीन, सकाळची पाळी संपवून, त्याच्याशी दोन शब्द भांडायला म्हणून बरोबर चालली होती. जुन्या सऱ्यांतून दर वसंतात काही ना काही अनोळखी उगवायचंच. मुलांच्या मुठीतून बिया यायच्या. बर्नी त्यांना तण म्हणायचा.

“थांब,” अर्लीन म्हणाली.

गेल्या वर्षीच्या सरीच्या उत्तर टोकाकडे, वाळूच्या करड्या डागावर, पांढऱ्या फुलांचं एक काटेरी झुडूप आलं होतं. पुढं, जिथं ओळ संपली होती, रोलीच्या पहिल्या मुठीच्या जागी, तांबड्या पाकळ्यांना पिवळी किनार असलेली फुलं होती, चाकासारखी गोल. ही इथली नव्हती.

“टेक्सासची असतील,” बर्नी म्हणाला. “बरं मग?”

अर्लीन पुढं पाहत होती. मोकळ्या पट्टीवर, जिथं मुलं नव्हती, जिथं बर्नीनं उगाच गवत कापलं होतं, तिथं तेच पांढरं काटेरी झुडूप पुन्हा उभं होतं. त्यापुढं पुन्हा ती तांबडी चाकं. मग आणखी कुणाचंतरी, पिवळं, बारीक पानांचं, नाव न कळणारं. मग पुन्हा तांबडी. खांबाच्या पलीकडे, त्याच्याही पलीकडे, ठिपक्याठिपक्यांनी, थेट हॅकबेरीपर्यंत. जो जितक्या वेळा उभा राहिला होता तितक्या वेळा त्याचं गाव उगवलं होतं. आणि झाडाच्या बुंध्याशी, डबा उलटा झाला होता तिथं, तांबड्या फुलांचा एवढा मोठा ताटवा होता की मधमाश्यांचा आवाज लांबून येत होता.

तेवढ्यात सरावाला निघालेला रोली तिकडून आला. गेले काही आठवडे दोन मोठ्या विद्यापीठांची माणसं ‘आमच्या संघात ये’ म्हणून त्याला फोन करत होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यानं ती फुलं पाहिली आणि बॅग खांद्यावरून खाली पडू दिली.

“ही आमच्या कुंपणाशी असतात,” तो म्हणाला. “आजीच्या.”

“मग आजीला कळव,” अर्लीन म्हणाली. “मूठ पुरली नसती म्हणावं.”

तो वाकून एका फुलाला हात लावत होता, तोडत नव्हता. “मिस अर्लीन, ऑगस्टमध्ये नव्या पोरांना पळायचं कसं ते कुणीतरी दाखवायला लागेल ना?”

“लागेल.”

“मग मी आहे,” तो म्हणाला.

बर्नीनं घसा खाकरला. त्यानं पाठीवरच्या पंपाचा पट्टा सैल केला, पंप उतरवून गवतात ठेवला, आणि पट्टीच्या कडेनं, फुलांना पाय न लावता, लांबचा वळसा घेऊन परत निघाला.

अर्लीन तिथंच उभी राहिली. ऊन अजून तिरपं होतं. तिनं डोक्यावरची जाळी काढली, जी काढायची ती विसरली होती, आणि सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा, सावकाश, पाहून घेतलं.